वीस गोळ्या कमी

"पुन्हा मोजा," फार्मासिस्ट मॅडम म्हणाल्या.

मी पुन्हा मोजल्या. ताटलीत गोळ्या ओतायच्या, चपट्या पट्टीनं पाच-पाच करून कडेला सरकवायच्या आणि आकडा मनात धरून ठेवायचा, एवढंच काम. तिसऱ्यांदाही छप्पन्नच भरल्या. वहीप्रमाणे शहात्तर असायला हव्या होत्या.

"वीस कमी? लिहायचं राहिलं असेल कुठंतरी. मी वर जाऊन साहेबांच्या सह्या घेऊन येते, तोवर तुम्ही या आठवड्याच्या चिठ्ठ्या काढून बघा." मॅडमच्या आवाजात संशय नव्हता, घाई होती. महिनाअखेरीची मोजदाद, त्यात शनिवार, दोन वाजून गेलेले. दवाखान्याची औषधखिडकी बंद झाली होती आणि सगळ्यांना घरी जायचे वेध लागले होते.

त्या गेल्या आणि मी स्टुलावर बसले. चिठ्ठ्या काढायची गरजच नव्हती. चोवीसमधून चार गेले की वीस उरतात, आणि चोवीस आणि चार हे दोन आकडे कुणाच्या चिठ्ठीवर शेजारी शेजारी असतात ते मला पाठ होतं: दर महिन्याला येणाऱ्या आजींच्या, आणि या आठवड्यात तसली चिठ्ठी त्यांची एकटीचीच आली होती. तरी खात्री करायची म्हणून शेजारची बरणी उघडून त्या गोळ्या मोजल्या. त्या वीस जास्त होत्या.

सांधे सुजणाऱ्या रोग्यांना आम्ही दोन गोळ्या देतो. एक आठवड्यातून एकदाच घ्यायची, महिन्याच्या चार. ती सांध्यांना आराम देते, पण भारी जहाल. रोज घेतली तर माणसाच्या अंगात रक्त तयार व्हायचं थांबतं. दुसरी बाकीचे सहा दिवस घ्यायची, महिन्याच्या चोवीस. ती नुसती जीवनसत्त्वाची, पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून. दोन्ही बारक्या, दोन्ही पिवळ्या, दोन्ही आमच्याकडे बरणीत सुट्या येतात आणि कागदी पाकिटात भरून द्यायच्या असतात. आठवड्याच्या गोळीच्या बरणीला पांढरं झाकण, रोजच्या गोळीच्या बरणीला निळं. निदान गेल्या सोमवारपर्यंत तसं होतं. सोमवारी नवा माल आला, त्यात झाकणं उलटी होती. खोकं मीच फोडलं, बरण्या मीच फळीवर लावल्या. आणि मंगळवारी सकाळी, खिडकीबाहेर साठ माणसांची रांग असताना, माझा हात झाकणाचा रंग बघून गेला.

त्याला हाताची सवय म्हणायचं. अठरा वर्षांची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले ती राहिलेच. दुकानात फार्मासिस्ट होता, पण तो भिंतीवरच्या चौकटीत. त्याचं प्रमाणपत्र तिथं टांगलेलं, आणि तो स्वतः दुसऱ्या कुठल्या तरी गावी वेगळीच नोकरी करत होता. औषधं मी द्यायची. गिऱ्हाईकानं चिठ्ठी पुढं केली की मी तिच्याकडे अर्धी नजर टाकायचे आणि हात आपोआप खोक्यावर पडायचा. लाल पट्टीचं म्हणजे रक्तदाबाचं, हिरव्या कोपऱ्याचं म्हणजे साखरेचं. मालक लोकांना कौतुकानं सांगायचे, "आमच्या बाईंना डोळे बांधून उभं करा, औषध बरोबर काढतील." मीही हुरळून जायचे. डोळे बांधून औषध काढणं ही फुशारकी मारण्याची गोष्ट नाही, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

मग तपासणी आली आणि चौकटीतला माणूस चौकटीसकट गेला. मालक म्हणाले, "बाई, तुम्हीच शिका ना. बारावी सायन्स झालीय तुमची. दोन वर्षांचा तर डिप्लोमा." सदतिसाव्या वर्षी मी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये जाऊन बसले. पोरं मला मावशी म्हणायची आणि माझ्या वह्या उतरवून घ्यायची. घरी मुलगी माझी उजळणी घ्यायची. मी भाजी चिरत असायचे आणि ती पुस्तक धरून ओट्यावर बसायची. तोंडी परीक्षेच्या सकाळी माझे हात इतके थरथरत होते की तिनं माझी वेणी घातली आणि म्हणाली, "आई, तू परीक्षेला चाललीयस, फाशी नाही चाललीयस."

मी मुळातच भित्री आहे. शाळेत फळ्यासमोर बोलावलं की माझी वाचा बसायची, आणि कॉलेजातही काही वेगळं झालं नाही. पण पास झाले. आता राहिलं होतं पाचशे तासांचं प्रशिक्षण. सरकारी दवाखान्यात तीन महिने, रोजचे तास वहीत लिहायचे, शेवटी मॅडमची सही. ती सही झाली की शेवटची परीक्षा, मग नोंदणी, मग माझं नाव भिंतीवर. त्या शनिवारी माझ्या वहीत चारशे अठ्ठ्याऐंशी तास भरले होते. बारा उरले होते: आजचे अजून न लिहिलेले सहा आणि सोमवारचे सहा.

आता जे लिहिते आहे ते लिहायला लाज वाटते. वीस गोळ्या कमी आहेत हे कळलं तेव्हा मला आधी आजींची भीती वाटली नाही. वहीची वाटली.

माझं डोकं कधी नव्हे इतकं भराभर चालायला लागलं. आजींना मंगळवारी पाकिटं दिली. त्या बुधवारपासून रोजची गोळी घेणार. बुध, गुरू, शुक्र, आजचा शनिवार. चार गोळ्या पोटात गेल्या. उद्या रविवार, त्यांचा आठवड्याच्या गोळीचा दिवस. त्या दुसरं पाकीट उघडतील, आणि त्यात तर साधं जीवनसत्त्व आहे. म्हणजे उद्याचा दिवस आपोआप सुटतो. सोमवारी माझे तास पुरे होतील, संध्याकाळी सही होईल, आणि सही झाल्यावर त्यांच्या घरी जाऊन पाकिटं गुपचूप बदलून आणता येतील. इथं वहीत लिहायचं, वीस गोळ्या ओल लागून खराब झाल्या, टाकून दिल्या. अशा नोंदी असतातच. पेन माझ्या हातात होतं. टोपणही काढलेलं होतं.

माझी सगळी मांडणी मोडली ती एका प्रश्नोत्तरानं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला नेमकं याच गोळीबद्दल विचारलं होतं. चुकून जास्त गेली तर पहिलं लक्षण काय? मी म्हणाले होते, तोंड येतं. मग? मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, साधा तापही जिवावर बेततो. उतारा आहे का? आहे, पण लवकर द्यावा लागतो, तास मोजून, उशीर झाला की त्याचा फारसा उपयोग होत नाही. परीक्षक खूश होऊन म्हणाले होते, छान पाठ केलंय. खरंच छान पाठ केलं होतं. मला ते सगळं शब्दन् शब्द आठवत होतं, आणि सोमवार संध्याकाळपर्यंत किती तास होतात तेही मोजता येत होतं.

मॅडम परत आल्या तेव्हा मी पेनाचं टोपण लावून उभी होते.

"मॅडम, त्या वीस गोळ्या पहिल्या खिडकीवरच्या आजींच्या रोजच्या पाकिटात गेल्यात. मंगळवारी मीच भरलं."

माझ्याहून अकरा वर्षांनी लहान बाई ती. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कपाटातून मंगळवारच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, आजींची चिठ्ठी शोधली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. शिकाऊ माणसानं पाकीट भरलं की दुसऱ्यानं ते उघडून बघायचं आणि मग चिठ्ठीवर सही करायची, असा नियम आहे. तिथं त्यांची सही होती.

"मी बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "गर्दी होती. तुम्ही भरलेलं म्हणून मी नुसतीच सही केली."

क्षणभर आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत राहिलो. तो कागद गहाळ व्हायला काहीच वेळ लागला नसता, हे दोघींनाही कळत होतं. त्यांना घरी दोन लहान मुलं होती आणि नोकरी पक्की होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मला तेव्हा त्यांचीही भीती वाटली, की आता या काय म्हणतील.

"फोन लावा," त्या म्हणाल्या. फोन बंद होता. "मग तुम्ही जा. पत्ता आहे चिठ्ठीवर. आजींना घेऊनच या, आज घेतलेली गोळी किती वाजता घेतली ते विचारा, आणि दोन्ही पाकिटं आणा. मी डॉक्टरांना सांगते." मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. "मावशी, कोट काढून जा. घाबरतील बघून."

तिसरा मजला. जिन्यात चपलांची कपाटं, एका दारापुढं तीनचाकी सायकल. मी कठडा धरून चढले. आजी आपल्या पायांनी दर महिन्याला हा जिना कशा उतरत असतील, असं मनात आलं. दार सुनेनं उघडलं. मी म्हटलं, औषधखिडकीवरून आलेय. तिनं आत घेतलं, पाणी दिलं.

आजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून त्यांना बरं वाटलं. "अगं, तू? ये, बस. बरी आलीस. जरा बघ ना माझं तोंड, कालपासून आलंय. थंड दुधाशिवाय काही उतरत नाही घशाखाली."

त्यांनी तोंड उघडलं. जिभेच्या कडेला आणि ओठांच्या आतून लाल चट्टे होते. पुस्तकात रंगीत चित्र असतं ना, अगदी तसे.

"आजी, पाकिटं कुठायत?"

त्यांनी उशीखालून काढून दिली. त्यांना वाचता येत नाही म्हणून मी पाकिटांवर खुणा काढून देते. एकावर एकच मोठा गोल, दुसऱ्यावर सहा बारके. सहा गोलांचं पाकीट मी ओंजळीत उपडं केलं आणि मोजलं. वीस असायला हव्या होत्या. सतराच होत्या.

"आजी, रोज एकच घेत होतात ना?"

"एकच की. पण अंगात त्राण नव्हतं गं, म्हणून परवापासून एकेक जास्त घेतली. शक्तीचीच आहे ना ती? तूच सांगितलं होतंस, ही साधी आहे म्हणून."

सांगितलं होतं. चार नव्हे, सात. मी गोळ्या परत पाकिटात भरायला लागले तर दोन खाली पडल्या, त्या सुनेनं उचलून दिल्या.

"काय झालंय?" सुनेनं विचारलं.

"गोळ्या बदलून गेल्यात. आजींना लगेच दवाखान्यात न्यायला हवं."

"बदलून गेल्यात म्हणजे? कुणाकडून?"

वाटेत मी याचं उत्तर ठरवलं होतं. आमच्याकडून, असं म्हणणार होते. 'आमच्याकडून' म्हटलं की त्यात दवाखाना येतो, गर्दी येते, माल पाठवणारे येतात, मॅडमही येतात. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि पाण्याचा पेला अजून माझ्या हातात होता.

"माझ्याकडून," मी म्हणाले.

तिनं पेला माझ्या हातातून काढून घेतला. मग आत जाऊन सासूच्या चपला घेऊन आली. आजींना बोलावलेल्या गाडीत बसवलं तेव्हा पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला तिनं मला नुसती मान हलवून सांगितलं. आजी मात्र मागून विचारत होत्या, "हिला का रागावतेस? तोंड आलंय नुसतं."

डॉक्टर दारातच उभे होते. उताऱ्याचं पहिलं इंजेक्शन चार वाजायच्या आत गेलं.

त्या रात्री मी मुलीला सगळं सांगितलं. ती एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलते. त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "आजी वाचतील ना?" मला माहीत नव्हतं. मी तिला पुस्तक उघडून ते पान दाखवलं, आणि आम्ही दोघी पुन्हा पुन्हा तेच वाचत बसलो, जणू वाचल्यानं त्यात काही बदलणार होतं.

आजी अकरा दिवस वॉर्डात होत्या. मी रोज सकाळी कामाआधी आणि दुपारी कामानंतर वॉर्डाच्या दारापर्यंत जायचे. आत जायचं धाडस नव्हतं. नर्स येता-जाता आकडा सांगायची. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर हव्यात. दुसऱ्या दिवशी बत्तीसशे, तिसऱ्या दिवशी पंचवीसशे, पाचव्या दिवशी सोळाशे. सहाव्या दिवशी ताप आला. त्या दिवशी सून बाकावर बसून होती आणि मी दुसऱ्या टोकाला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही इथं बसू नका. तुम्हाला बघितलं की मला धडधडतं." मी उठले आणि जिन्यात जाऊन बसले. भीती मला नवीन नव्हती, पण आजवर मी कायम स्वतःसाठी घाबरले होते. नापास होऊ, हसं होईल, कुणी बोलेल. दुसऱ्याच्या जिवासाठी घाबरणं काय असतं, आणि तेही आपल्याच हातून झालेल्या गोष्टीसाठी, ते मला त्या जिन्यात कळलं. त्या भीतीला कुठं पळायला वाटच नसते. नवव्या दिवशी आकडा एकवीसशे झाला. नर्स हसून म्हणाली, "चढला." तेव्हा मी तिथंच कठड्याला धरून रडले.

चौकशी झाली. तीन माणसं टेबलापलीकडं बसली होती. त्यातले वयस्कर गृहस्थ चांगले होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, "गर्दी फार होती का? झाकणं बदलल्याची सूचना आली नव्हती ना? तसं लिहा." गर्दी होती, सूचनाही आली नव्हती. दोन्ही मी लिहिलं. मग खाली लिहिलं, बरणीवरचं नाव तीनदा वाचायचं असतं, उचलताना, गोळ्या काढताना आणि परत ठेवताना. मी एकदाही वाचलं नाही. मॅडमनी त्यांच्या कागदावर काय लिहिलं ते मला माहीत नाही. त्यांची वर्षाची पगारवाढ रोखली. माझे चारशे अठ्ठ्याऐंशी तास रद्द झाले. पहिल्यापासून सुरू करा म्हणाले, तेही कुणी प्रशिक्षणाला घेतलं तर.

आठ दिवस मी घरीच होते. मुलीला म्हटलं, पुरे झालं, मी काउंटरचं काम करेन, नाहीतर तेही नको. ती म्हणाली, "काउंटरवर वाचावं लागत नाही, म्हणून?" मला राग आला. नवव्या दिवशी मी मॅडमसमोर कोरी वही घेऊन उभी राहिले. त्यांनी वही घेऊन पहिल्या पानावर तारीख घातली. मग म्हणाल्या, "दुसऱ्या खिडकीवर बसा. आणि यापुढं तुमचं प्रत्येक पाकीट मी उघडणार. वाईट वाटून घ्यायचं नाही."

"उघडा," मी म्हणाले.

आता मी वाचते. ओठ हलवून, जवळजवळ मोठ्यानं. रांगेतली माणसं चुळबुळ करतात. परवा एकजण मागच्याला म्हणाला, नवीन दिसतात बाई, वेळ लागेल. अठरा वर्षं ज्या हातावर माझा भरवसा होता तो आता माझ्याच नजरेतून उतरला आहे. बरणी परत ठेवतानाही तिच्यावरचं नाव वाचते. घरी गेल्यावरही मनात पाकिटं उघडून बघते. मुलगी म्हणते, होईल सवय. मला सवय व्हायला नको आहे.

दोन महिन्यांनी, डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर, मंगळवारीच आजी आल्या. बऱ्याच वाळल्या होत्या. सून सोबत नव्हती, काठी होती. दोन्ही खिडक्यांपुढं रांगा होत्या आणि त्या माझ्या रांगेत उभ्या राहिल्या. का, ते मला कळलं नाही. कदाचित ती लहान होती म्हणून. त्यांचा नंबर आला तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. मी चिठ्ठी वाचली, बरणी वाचली, चार गोळ्या काढल्या, पुन्हा वाचली. दुसरी बरणी वाचली, चोवीस काढल्या. मॅडमनी दोन्ही पाकिटं उघडून बघितली, सही केली आणि त्या पुन्हा पहिल्या खिडकीवर गेल्या. मी पाकिटं पुढं सरकवली आणि कुठली कधी घ्यायची ते सांगितलं.

"बरी आहेस ना?" आजींनी विचारलं.

"हो, आजी."

"घरी सगळी बरी?"

"हो."

त्यांनी पाकिटं घेतली, पण पिशवीत टाकली नाहीत. काठी टेकत त्या शेजारच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढं नऊ माणसं होती. मी पुढच्या माणसाची चिठ्ठी घेतली, वाचली, आणि कडेनं मला त्या एकेक पाऊल पुढं सरकताना दिसत होत्या. त्यांचे गुडघे दुखत असणार. मी उठून म्हणू शकले असते, आजी, बघितलंय त्यांनी, सही आहे. मी म्हटलं नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी दोन्ही पाकिटं मॅडमपुढं ठेवली आणि हळूच, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "बाई, एवढं जरा बघून सांगता? बरोबर आहे का?"

मॅडमनी माझ्याकडे न बघता पाकिटं उघडली, गोळ्या ताटलीत ओतल्या आणि त्यांच्यासमोर एकेक मोजल्या. आजी वाकून बघत होत्या.